रमाई आपली आई की आजी?



२७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन. मागे मुलांच्या रविवारच्या वर्गात एका लहानग्याने विचारले होते, रमाई आपली आई की आजी? मोठी माणसे हसली, पण चटकन उत्तर कोणालाच देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर रमाईंच्या आयुष्यातच सापडते, म्हणून या अंकात त्यांची जीवनकथा थोडक्यात देत आहोत. घरातल्या मुलांना जवळ बसवून ती वाचून दाखवावी, ही विनंती.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईचे नाव रुक्मिणी. रमा लहान असतानाच आधी आई गेली, मग वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातेवाईकांनी मुंबईला आणले. तिथेच सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या भीमासाठी रमाला पसंत केले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात रात्री लग्न लागले. दिवसभराचा मासळीचा व्यापार आटोपल्यावर मोकळ्या झालेल्या त्या जागेत विक्रेत्यांच्या ओट्यांवर वऱ्हाडी बसले. नवरी जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती आणि नवरदेव शाळेत शिकत होता.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंताचा जन्म झाला. दोन महिन्यांच्या आतच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. रमाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या आणि कडेवर काही महिन्यांचे मूल होते. १९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब परतले, १९२० च्या जुलैत पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली परत आले. म्हणजे लग्नानंतरच्या ऐन उमेदीच्या दहा वर्षांतली जवळजवळ सात वर्षे रमाईंनी पतीवाचून काढली. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत जाऊ लक्ष्मीबाई, दीर आनंदराव, पुतण्या मुकुंद आणि आत्या मीराबाई असे भरलेले घर होते. मिळकत तुटपुंजी होती. शेण गोळा करून, गोवऱ्या थापून आणि विकून रमाईंनी संसाराला हातभार लावला, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनमध्ये राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. प्रिमरोज हिल भागातले हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. वेम्बली सेंट्रलहून निघाले की पाऊण तासाच्या आत आपण दारात पोहोचतो. तिथे गेल्यावर अर्धपोटी राहून रात्र रात्र वाचणाऱ्या बाबासाहेबांची आठवण होतेच. पण याच काळात परळहून रमाईंचे पत्र लंडनला आले होते, तेही लक्षात ठेवले पाहिजे. मूल आजारी होते आणि घरात पैसा नव्हता. बाबासाहेबांजवळही पाठवायला काही नव्हते. दागिने मोडून दिवस काढ, अशा अर्थाचे उत्तर त्यांना लिहावे लागले. डी.एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्यांची किंमत लंडनमध्ये भुकेने आणि परळमध्ये दागिन्यांनी मोजली गेली. आपल्यातले जे नवरा-बायको व्हिसाच्या कागदांसाठी वर्ष-दोन वर्षे दोन देशांत राहिले आहेत, त्यांना त्या दोन पत्रांचे मोल वेगळे सांगायला नको. आज फोनवर चेहरा दिसतो. त्या काळी पत्र बोटीने येई, आणि ते हाती पडेपर्यंत मुलाचा ताप उतरला आहे की वाढला आहे, हे वडिलांना कळत नसे.

रमाईंना पाच मुले झाली. गंगाधर, रमेश आणि इंदू लहानपणीच गेली. सर्वांत धाकटा राजरत्न बाबासाहेबांचा फार लाडका होता. १९२६ च्या जुलैमध्ये तोही गेला. यशवंत एवढा एकच मुलगा वाचला आणि त्याचीही प्रकृती नाजूक असे. चार मुले पुरलेल्या आईने स्वतःला कोंडून घेतले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. रमाईंचे दुःख मोठे होते, उपासतापासांनी शरीरही झिजत होते. पण घराचे दार त्यांनी बंद केले नाही. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला आणि त्यानंतर स्त्रियाही चळवळीत पुढे येऊ लागल्या. १९२८ च्या जानेवारीत मुंबईत अस्पृश्य समाजातील महिलांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद रमाईंकडे आले. म्हणून त्यांना केवळ त्यागाची मूर्ती म्हणणे अपुरे आहे.

धारवाडचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. तिथे बळवंतराव वराळे दलित विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवीत. रमाई हवापालटासाठी त्यांच्याकडे गेल्या होत्या. अंगणात खेळणारी मुले एक-दोन दिवस दिसली नाहीत, म्हणून त्यांनी चौकशी केली. अनुदान वेळेवर न आल्याने धान्य संपले होते आणि मुले उपाशी होती. रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, त्यावर धान्य आले, आणि त्यांनी स्वतः रांधून मुलांना जेवू घातले, असे सांगतात. दागिने मोडणे त्यांना नवे नव्हते. या वेळी ते आपल्या घरासाठी मोडले नव्हते, इतकाच फरक. ज्यांची नावेही त्यांना ठाऊक नव्हती अशा मुलांच्या त्या आई झाल्या.

रमाईंची श्रद्धा त्यांच्या काळातल्या कष्टकरी बाईची होती. त्या व्रते करीत, आणि पंढरपूरला जावे अशी त्यांची फार इच्छा होती. विठ्ठलाच्या मंदिरात तेव्हा अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. जिथे आपल्याला बाहेरूनच परतावे लागते तिथे कशाला जायचे, आपण दुसरी पंढरी उभी करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. ती पंढरी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले. वय ३७ वर्षे. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. पुढे कित्येक दिवस बाबासाहेब शोकाने खोलीबाहेर पडले नाहीत. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. १९४० साली आलेला पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला. घरात ते रमाईंना रामू म्हणत.

आता त्या लहानग्याच्या प्रश्नाकडे येऊ. रमाई गेल्या तेव्हा यशवंत २२ वर्षांचे होते आणि अविवाहित होते. रमाईंचा नातू प्रकाश यांचा जन्म १९५४ सालचा, म्हणजे आजीला जाऊन तेव्हा १९ वर्षे झाली होती. आनंदराज, भीमराव आणि रमा या नातवंडांनाही आजीची मांडी मिळाली नाही. नातीला मात्र आजीचे नाव मिळाले. आणि जो एक मुलगा रमाईंनी जपून वाचवला, त्या भैय्यासाहेबांनी बाबासाहेबांच्या पश्चात भारतीय बौद्ध महासभेची धुरा वाहिली आणि दादरची चैत्यभूमी उभारण्यात पुढाकार घेतला. दरवर्षी ६ डिसेंबरला तिथे लाखो लोक माथा टेकवतात. परळच्या खोलीत आजारी यशवंताच्या उशाशी काढलेल्या रात्री त्या वास्तूच्या पायात आहेत.

दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या या माउलीच्या नावाने आज महाराष्ट्रात रमाई आवास घरकुल योजना आहे. घाटकोपरच्या वस्तीला त्यांचे नाव आहे. वणंदला त्यांचे स्मारक आहे. म्हणून त्या मुलाला आपण सांगू की रमाई आई आहेत आणि आजीही आहेत. चार लेकरे गमावूनही त्यांनी परक्या लेकरांना उपाशी ठेवले नाही, म्हणून आई. आणि ज्यांना त्या कधी पाहणार नव्हत्या, त्यांच्या शिक्षणासाठी, मानासाठी आधीच किंमत मोजून गेल्या, म्हणून आजी.

येत्या २७ मे रोजी घरी रमाईंच्या प्रतिमेला पुष्प अर्पण करून वंदना घ्यावी. त्यानंतर मुलांना त्यांच्या स्वतःच्या आजीचे आणि पणजीचे नाव विचारावे. ती कोणत्या गावची, शाळेत गेली होती का, काय काम करीत होती, कोणाला शिकवण्यासाठी तिने काय मोडले, हे जे आठवेल ते वहीत लिहून ठेवावे. आपल्या अनेक पणज्यांचे कुठे छायाचित्रही नाही. घरातली वयस्क माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल. ती वही घेऊन पुढच्या वर्गाला यावे.

माता रमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!