क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ कै. डॉ. पांडुरंग खानखोजे



आपल्या वार्षिक स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले. चरित्रनायक आपल्या ज्ञातीचाच असावा, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांचा मान राखून मी एवढेच विनविले की, धनजसारख्या गावी ज्यांचे पोट कपाशी-तुरीवर आहे, अशा कुटुंबांना जो पुरुष आपला वाटावा, त्याची जात या वर्षापुरती पाहू नये. मंडळाने ते मान्य केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपते, पण भाषा व काळी माती तीच. आजोबांनी १८५७ च्या युद्धात भाग घेतल्याच्या कथा त्या घरात सांगितल्या जात. प्राथमिक शिक्षण वर्ध्यास व पुढील नागपुरास झाले. १८९९-१९०० चा दारुण दुष्काळ वऱ्हाड-मध्यप्रांतावर कोसळला, तेव्हा पांडुरंग पंधरा वर्षांचे होते. ज्या मुलखातून कापसाच्या गाठी विलायतेस जात, त्याच मुलखात माणसे अन्नाविना मरत होती. टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या त्या मुलाने ही दोन दृश्ये एकत्र पाहिली. त्यांच्या पुढील आयुष्याचे मूळ मला येथेच दिसते.

विशीच्या आसपास ते घर सोडून आगबोटीने परदेशी गेले आणि जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागले. तेथे त्यांनी दोन विद्या एकाच वेळी धरल्या. सॅन राफेलच्या टॅमलपाइस लष्करी विद्यालयात शस्त्रविद्या आणि पुढे पुलमन येथील वॉशिंग्टन राज्य कॉलेजात शेतीशास्त्र. त्या भागातील लाकडाच्या गिरण्यांत व शेतांवर पंजाबचे शेकडो मजूर राबत असत. १९०७ साली बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने अशा हिंदी मजुरांना मारझोड करून गावाबाहेर हाकलले होते. या अपमानित मजुरांना पंडित काशीराम यांच्यासारख्यांच्या साहाय्याने संघटित करण्यात खानखोजे आरंभापासून होते. पुढे १९१३ साली सोहनसिंग भकना अध्यक्ष व लाला हरदयाळ चिटणीस असलेली संस्था उभी राहिली. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून तिचे 'गदर' पत्र निघाले व त्याच नावाने पक्ष ओळखला जाऊ लागला.

येथे थोडे विषयांतर करतो. त्या काळी इंग्रज सरकार प्रत्येक बाँबवाल्यास अराजक म्हणत असे. वस्तुतः अराजकवाद हे एक निराळे तत्त्वज्ञान आहे. राजा नको, सरकार नको, मालक नको. माणसांनी आपखुशीने एकत्र येऊन आपला व्यवहार चालवावा, असे ते सांगते. हरदयाळांनी ऑकलंड येथे रशियन अराजकवादी बाकुनिन याच्या नावाने एक आश्रमवजा संस्था काढली होती, व १९१४ च्या मार्चमध्ये अमेरिकन सरकारने त्यांना अराजकवादी म्हणूनच पकडले. जामिनावर सुटताच ते स्वित्झर्लंडला निघून गेले. खानखोजे यांचा पिंड असा तत्त्वचिंतकाचा नव्हता. पक्षाची एक शाखा पत्र चालवी व दुसरी प्रहाराची तयारी करी. ही दुसरी त्यांच्याकडे होती.

महायुद्ध पेटले आणि गदरचे हजारो लोक हिंदुस्थानकडे निघाले. १९१५ च्या फेब्रुवारीत ठरलेला उठाव फितुरीने फसला. काशीराम फासावर गेले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे व अवघ्या एकोणीस वर्षांचे कर्तारसिंग सराभा यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरास फाशी झाली. खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले होते. सरहद्दीवरून हिंदुस्थानात घुसावे, हा त्यांचा बेत. इंग्रज फौजेच्या हाती सापडणे, निसटणे, वेष पालटून टोळ्यांत राहणे, असे दिवस त्यांनी काढले. पण तो मार्गही खुंटला. युद्धानंतर बर्लिन व १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींसमवेत मॉस्को, तेथूनही रिक्तहस्ते परत.

चाळिशीला आलेला, देश बंद झालेला, सोबती फासावर गेलेला मनुष्य काय करतो? खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोस गेले. तेथे नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती व जमीन कसणाराची, हा तिचा घोष होता. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याचा जंगली भाऊबंद तेओसिंते, त्याच्याशी मक्याचा संकर करून एका ताटास अनेक कणसे यावीत, असे प्रयोग त्यांनी केले. रोगास व थंडीस न बधणाऱ्या गव्हावरही त्यांनी काम केले.

पण माझ्या मते त्यांचे खरे काम वर्गाबाहेरचे. खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांच्या संघटनांच्या साहाय्याने त्यांनी 'मुक्त कृषिशाळा' काढल्या. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही बियाणे कसे निवडावे, हे त्याच्याच भाषेत सांगावे, अशी ती रीत. मी आयुष्यभर खडू धरला, म्हणून सांगतो, शाळा ही अशीही असू शकते हे मला फार उशिरा समजले. हरदयाळांच्या अराजकवादातील जे उत्तम होते, ते त्याच्या पुढाऱ्याने ऑकलंडात मांडले आणि या वर्धेकराने मक्याच्या शेतात करून दाखविले, असे मला वाटते. त्या शाळांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकर्तीने घेतली आहेत. मेक्सिको शहरातील शिक्षणमंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरा याने जे चित्र रंगविले, त्यात मेजाशी बसून भाकरी मोडणारा पुरुष खानखोजे यांच्या चेहऱ्याचा आहे.

१९३६ साली त्यांनी बेल्जियन तरुणी जान सिंदिक यांच्याशी विवाह केला; त्यांना सावित्री व माया या दोन कन्या झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी येण्यासाठी अर्ज केला, तो पहिल्याने नाकारला गेला! इंग्रजांनी घातलेली बंदी कागदोपत्री तशीच पडून होती व स्वतंत्र सरकारचे कारकून ती इमानाने पाळीत होते. पुढे ती उठली आणि ते नागपुरास स्थायिक झाले.

मी शाळेत इतिहास शिकवीत असता गदरचा भाग एका तासात उरकीत असे. हरदयाळांचे नाव फळ्यावर लिही, पिंगळ्यांचे कधी लिही, खानखोजे यांचे एकदाही लिहिले नाही. समोर बसलेली बहुतेक मुले शेतकऱ्यांची असत.

१९६६ साली मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे जहाजांनी हिंदुस्थानात आले व हरितक्रांतीस प्रारंभ झाला. मेक्सिकोच्या मातीत आयुष्याची ऐन वर्षे घालविलेला हा वृद्ध गृहस्थ तेव्हा नागपुरात राहत होता. पुढील वर्षी, २२ जानेवारी १९६७ रोजी, तेथेच त्यांचे देहावसान झाले.