वालचंद हिराचंद

सोलापूरला समुद्र नाही. तेथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या पेढीवर बसले. परंतु तेथे त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी लोहमार्ग बांधण्याची कंत्राटे घेतली.

१९१९ साली नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया ही जहाज कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेले 'लॉयल्टी' हे तिचे पहिले जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून तिची कोंडी केली. तरीही कंपनी तगली. वालचंदांना मात्र वेगळेच शल्य होते. मालकी भारतीय असली, तरी जहाजे परदेशी बनावटीचीच होती. ज्या मुंबईत वाडिया घराण्याने ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या, तेथील ते कसब लोखंड आणि वाफेच्या युगात मागे पडले होते.

पोलादी जहाजे बांधण्याच्या कारखान्यासाठी त्यांनी प्रथम कलकत्त्यात जागा शोधली. तेथे जमले नाही, तेव्हा त्यांची नजर विशाखापट्टणमकडे वळली. हे बंदर त्या काळी मद्रास इलाख्यात होते. डोंगराच्या आडोशामुळे ते सुरक्षित होते आणि पोलाद आणण्यास लोहमार्गही होता. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. महायुद्धात जहाजांची एवढी निकड असूनही सरकारने नव्या कारखान्याला मनापासून साहाय्य केले नाही, हे आज वाचतानाही नवल वाटते. त्यातच ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडले.

अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते आठ हजार टनांचे 'जलउषा' पाण्यात उतरले. मात्र येथे बांधलेले जहाज इंग्लंडमधील जहाजापेक्षा महाग पडे. तो तोटा कंपनीला पेलेना. १९५२ साली कारखान्याची दोन तृतीयांश मालकी भारत सरकारने घेतली आणि 'हिंदुस्थान शिपयार्ड' हे नाव रूढ झाले. त्याआधीच पक्षाघाताने वालचंदांना कामातून निवृत्त व्हावे लागले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.