ग्राफाइट रॅकेटचं ‘हेड’ मोठं कुणी केलं? हॉवर्ड हेड यांची गोष्ट

अहिल्यानगरमध्ये बसून सेकंड-हँड ॲपवर जुनी ‘प्रिन्स ग्राफाइट’ रॅकेट शोधताय? मग तिच्यामागच्या माणसाला आधी भेटा.

हॉवर्ड हेड यांचा जन्म 1914 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात झाला. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी विमान कंपनीत. बर्फावर स्कीइंग करायला गेले आणि सारखे पडले. दोष त्यांनी जड लाकडी स्कीला दिला! विमानातल्यासारखं धातूचं सँडविच करून हलकी स्की बनवायची, असं ठरवून 1948 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. भांडवल काय, तर पोकरमध्ये जिंकलेले 6,000 डॉलर. पहिल्या सहाही जोड्या चाचणीत मोडल्या. जवळपास 40 डिझाइन्सनंतर, 1950 मध्ये जमलं. 1969 मध्ये त्यांनी कंपनी विकली.

आता आराम करायचा, म्हणून टेनिस शिकायला गेले. तिथेही तेच. बॉल मधोमध लागला नाही की रॅकेट हातात फिरायची. पुन्हा संशय सामानावरच! सरावासाठी घेतलेलं बॉल मशीन ‘प्रिन्स’ कंपनीचं होतं. ते सुधारता सुधारता हेड त्या कंपनीतच शिरले.

रॅकेट का फिरते? फ्रेमचं वजन मधल्या रेषेपासून जितकं लांब, तितकी ती फिरवायला अवघड. आणि हा फरक अंतराच्या वर्गाने वाढतो. तेवढ्याच वजनाची फ्रेम 1.2 पट रुंद केली, तर फिरण्याला विरोध साधारण 1.44 पट होतो. म्हणून त्यांनी हेडच मोठं केलं. 1976 मध्ये पेटंट मिळालं. 1978 मध्ये 16 वर्षांची पॅम श्रायव्हर हीच मोठी रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या फायनलला पोचली. ती हरली, पण रॅकेटला हसणारे गप्प झाले.

ती रॅकेट ॲल्युमिनियमची होती. मोठी फ्रेम जोरदार फटक्याला वाकते, म्हणून पुढे ग्राफाइट आलं. ग्राफाइट म्हणजे इथे पेन्सिलमधलं शिसं नाही, तर कार्बन फायबर आणि रेझिन. रेझिन लावलेल्या पट्ट्या गुंडाळून नळी करतात, साच्यात ठेवतात, आतून हवेचा दाब देऊन तापवतात. हलकी आणि कडक फ्रेम तयार!

1982 मध्ये प्रिन्सही विकली गेली. 1991 मध्ये हेड वारले.

जुनी रॅकेट घेताना फ्रेमवर बारीक तडा आहे का, ते नक्की बघा. कार्बन फायबर वाकून इशारा देत नाही, थेट तुटतं.