फिलाडेल्फियाचा पतंगवाला

2006 सालचा जुलै महिना. फिलाडेल्फियापासून पाऊण तासावर आमचं घर. शनिवार संध्याकाळ, चार कुटुंबं जेवायला आलेली, पुऱ्या तळणं चालू, आणि बाहेर पावसाने नुसतं थैमान घातलेलं. एवढ्यात अगदी कानाशी फुटल्यासारखी वीज कडाडली. दिवे एकदा मिचकावले आणि पुन्हा लागले. पोरं ओरडली, मोठे हसले, आणि जेवणं पुढे चालू झाली.

रात्री पाहुणे गेल्यावर लक्षात आलं की टीव्ही, केबलचा डबा, मोडेम आणि कॉम्प्युटर असे चौघे एका दमात गेलेत. टीव्हीचं काही वाटलं नाही, पण कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर आईचा आवाज होता. आदल्या वर्षी भारतात जाऊन मी तिच्या ओव्या, आरत्या, तिची बडबड असं सगळं टेप केलं होतं, आणि मार्चमध्ये आई गेली. कॅसेटवर लेकीने शाळेचं प्रोजेक्ट रेकॉर्ड केलं होतं. कॉपी आहे ना, मग काय, असं म्हणून मीच परवानगी दिली होती.

चिडायचं कारण वेगळंच. सगळी यंत्रं चांगल्या महागातल्या सर्ज प्रोटेक्टरला लावलेली होती. दुसऱ्या दिवशीसुद्धा त्याचा हिरवा दिवा आपला ऐटीत जळत होता!

त्याच वर्षी आमच्या शहरात बेंजामिन फ्रँकलिनची तीनशेवी जयंती जोरात चालू होती. प्रदर्शनं, भाषणं, जिकडेतिकडे त्याचा तो चष्मेवाला चेहरा. मी इंजिनियर असूनही या माणसाबद्दल मला फक्त दोन गोष्टी माहीत होत्या. शंभराच्या नोटेवर असतो, आणि पतंग उडवत होता. रागारागाने मी वाचायला बसलो, आणि त्यात बरीच वर्षं गेली. ते तुम्हाला सांगायचंय.

फ्रँकलिन जन्माने फिलाडेल्फियाचा नव्हेच. जन्म 17 जानेवारी 1706, बॉस्टन. वडील मेणबत्त्या आणि साबण करायचे. दोन लग्नांची मिळून सतरा मुलं, त्यातला हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला बसवला. भाऊ मारायचा, आणि याला वाचायचं वेड. सतराव्या वर्षी, 1723 मध्ये, हा चक्क पळून गेला. फिलाडेल्फियात उतरला तेव्हा खिशात किरकोळ पैसे. त्याने तीन मोठे पाव विकत घेतले, दोन काखांत दोन मारले आणि तिसरा खात मार्केट स्ट्रीटवरून चालू लागला. एका घराच्या दारात उभी राहून हे ध्यान बघणारी मुलगी, डेबोरा रीड, पुढे त्याची बायको झाली. घरातून पळून मुंबईला आलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे सगळं ओळखीचंच वाटतं.

पुढची पंचवीस वर्षं त्याने छापखाना चालवला, वर्तमानपत्र काढलं, आणि दरवर्षी एक पंचांगवजा पुस्तिका काढली, तीही तुफान खपली. वर्गणीतून वाचनालय काढलं, आग विझवणाऱ्यांचं मंडळ काढलं. आपण मंडळवाली माणसं, त्यामुळे याबद्दल मला खास आपुलकी! 1748 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, छापखाना भागीदाराच्या हाती देऊन हा धंद्यातून मोकळा झाला. कशासाठी? तर काचेची नळी घासायला.

त्या काळात वीज म्हणजे जत्रेतला खेळ होता. काचेची नळी रेशमाने घासायची, ठिणग्या काढायच्या, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. लंडनच्या पीटर कॉलिन्सन नावाच्या व्यापाऱ्याने वाचनालयाला अशी एक नळी भेट पाठवली, आणि फ्रँकलिन तिच्यात बुडाला. शाळा न शिकल्याचा एक फायदा असा की जुनं पुसायला काही नव्हतं. बाकीचे पंडित विजेचे दोन प्रकार मानत होते. याने म्हटलं, चीज एकच, कुठे जास्त झाली तर अधिक, कुठे कमी पडली तर उणे, आणि एकूण बेरीज बदलत नाही. आज आपण बॅटरीवर जे अधिक-उणे बघतो ते या साबणवाल्याच्या पोराचं. मात्र अधिक कुठलं आणि उणे कुठलं हे त्याला अंदाजानेच ठरवावं लागलं. 1897 मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा कळलं की तारेतून जो खरोखर धावतो तो उणे निघाला. म्हणून आजही पुस्तकात करंटचा बाण एका दिशेला आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेला. कॉलेजात मला या भानगडीने छळलं होतं. गुन्हेगार कोण ते पन्नाशीला कळलं.

प्रयोग करताना तो काही फार जपून वागत नसे. 1750 च्या नाताळात टर्की विजेने मारून दाखवण्याच्या नादात त्याने स्वतःलाच असा झटका दिला की काही वेळ शुद्ध हरपली. मित्रांना हे कळवताना तो दुखण्यापेक्षा जास्त शरमला होता.

आता मुख्य गोष्ट. आकाशातली वीज आणि नळीतली ठिणगी एकच असावी, हे त्याने 1749 मध्ये टिपून ठेवलं. दोन्हींचा उजेड, रंग, वाकडीतिकडी चाल, आवाज, धातूतून जाणं, प्राणी मारणं, आग लावणं, अशी साम्यं लिहून काढली. ही कल्पना त्याच्याआधीही काहींना सुचली होती. फ्रँकलिनचं वेगळेपण हे की त्याने नुसतं सुचून गप्प न बसता ते तपासायचं कसं हे सांगितलं. उंचावर अणकुचीदार लोखंडी सळई उभारा, ती जमिनीपासून तोडलेली ठेवा, ढग वरून जाताना तिच्यातून ठिणगी निघते का बघा. निघाली तर मी बरोबर, नाही तर चूक. त्याची पत्रं 1751 मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली, आणि प्रयोग आधी करून दाखवला तो भलत्याच माणसाने.

10 मे 1752, पॅरिसजवळचं मार्ली गाव. पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर करणाऱ्या दालिबारने तिथे चाळीस फुटी सळई उभारली होती, आणि खाली चक्क दारूच्या बाटल्यांचे पाय केले होते, जमिनीशी संबंध तुटावा म्हणून. ढग आले तेव्हा दालिबार स्वतः गावात नव्हता. राखणीला ठेवलेल्या एका म्हाताऱ्या शिपायाने ठिणग्या काढल्या, गावातला पाद्री धापा टाकत धावत आला. ज्याची कल्पना तो समुद्रापलीकडे, ज्याची सळई तो घरी नाही, आणि तरी ठिणगी निघाली. मला वाटतं, प्रयोगाला याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

इकडे फ्रँकलिनला हे ठाऊकच नव्हतं. त्याच उन्हाळ्यात त्याने पतंग उडवला. रेशमी रुमालाचा पतंग, वर फूटभर तार, तागाची दोरी, दोरीच्या टोकाशी किल्ली, आणि हातात धरायला रेशमी फीत, तीही कोरडी राहावी म्हणून स्वतः आडोशाला. सोबत विशीतला मुलगा विल्यम. चित्रांत वीज पतंगावर कोसळताना दाखवतात ते साफ चूक. तशी कोसळली असती तर पुढची गोष्ट सांगायला हा उरला नसता. ढगातली वीज हळूच दोरीत उतरली, दोरीचे तंतू ताठ उभे राहिले, आणि किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी. पुढल्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला रिखमन नावाच्या प्राध्यापकाने सळई घरात आणली, पण जमिनीशी जोडली नाही. वीज त्याच्या कपाळावर बसली आणि तो जागच्या जागी गेला. (मुलांनो, हा प्रयोग घरी करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.)

त्यातूनच घरावरचा दांडा आला. वर टोकदार सळई, तिथून तार खाली जमिनीत. फ्रँकलिनने त्याचं पेटंट घेतलं नाही. आपल्या पंचांगात कृती छापली आणि मोकळा झाला. थोड्याच वर्षांत फिलाडेल्फियातल्या एका व्यापाऱ्याच्या घरावर वीज पडली. सळईचं टोक वितळलं, घर शाबूत.

सगळ्यांनी हार घालून स्वागत केलं असेल असं वाटतं ना? छे! युरोपात वादळ आलं की चर्चच्या घंटा वाजवायची रीत होती, आणि उंच मनोऱ्यात ओला दोर धरून उभे राहिलेले घंटावाले पटापट मरत. तरीही दांडा नको. 1755 मध्ये बॉस्टनला भूकंप झाला तेव्हा एका धर्मगुरूंनी शंका काढली की या दांड्यांनीच वीज जमिनीत भरतेय. फ्रान्समध्ये एका गृहस्थाच्या घरावरच्या दांड्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले. 1783 मध्ये दांड्याच्या बाजूने भांडून खटला जिंकणारा तरुण वकील म्हणजे रोबेस्पिएर, हो, तोच पुढचा! इंग्लंडात टोक अणकुचीदार हवं की बोथट यावर विद्वानांची जुंपली. अमेरिकेने बंड केल्यावर अणकुचीदार टोक म्हणजे बंडखोराचं टोक झालं आणि राजाने बोथट टोकाची बाजू घेतली.

गंमत पुढेच आहे. फ्रँकलिनची आधी समजूत होती की टोकदार सळई ढगातली वीज गुपचूप ओढून घेते आणि वीज पडतच नाही. ही समजूत चुकीची निघाली. दांडा वीज थांबवत नाही, पडलेल्या विजेला जमिनीकडे जायला सरळ वाट देतो, आणि घर वाचतं ते त्यामुळे. एवढंच काय, 2000 साली न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी डोंगरावर वर्षानुवर्षं दोन्ही प्रकारचे दांडे उभे करून बघितलं, तर माफक बोथट टोक सरस ठरलं. राजा बरोबर, पण कारण चूक. फ्रँकलिन चूक, पण दांडा बरोबर!

इथे माझ्या हिरव्या दिव्याचा उलगडा झाला. शेवटी एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने घराला प्रदक्षिणा घातली आणि दाखवलं. विजेची अर्थिंगची सळई घराच्या एका बाजूला, केबल टीव्हीची वेगळीच सळई दुसऱ्या बाजूला, आणि दोघींना जोडणारी तार नाही. जवळ वीज पडली की या दोन जमिनींत क्षणभर प्रचंड फरक होतो, आणि तो भरून काढायला करंट वाट शोधतो. वाट कुठली? केबलमधून मोडेम, मोडेममधून कॉम्प्युटर, तिथून विजेच्या प्लगमध्ये. माझा प्रोटेक्टर फक्त विजेच्या दारावर पहारा करत होता आणि चोर केबलच्या दाराने आला. म्हणून मंडळी, वीज, केबल, फोन, छतावरची डिश यांचं ग्राउंड एकत्र जोडलेलं आहे ना हे आधी बघून घ्या. पॅनेलपाशी अख्ख्या घराचा सर्ज प्रोटेक्टर बसवा. 2020 पासून अमेरिकेच्या विजेच्या कोडमध्ये नव्या घरांना तो सांगितलेलाच आहे. पट्टीवाले प्रोटेक्टर झटके खाऊन खाऊन आतून झिजतात, ते जन्मभर पुरत नाहीत. आणि घरावरच वीज पडली तर यातलं काहीही हमखास नाही; वादळ येण्याआधी प्लग आणि केबल दोन्ही उपटून ठेवणं सगळ्यात खात्रीचं. वादळ डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावू नका.

फ्रँकलिनचा मला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र विजेचा नाहीच. 1784 मध्ये तो अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसजवळ राहत होता, वय अठ्ठ्याहत्तर, मुतखड्याने बेजार. तिथे मेस्मर नावाच्या वैद्याचं खूळ माजलं होतं, अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करायचे. लोक खरोखर थरथरत, बेशुद्ध पडत, बरे होत. राजाने चौकशी समिती नेमली, त्यात फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए. फ्रँकलिनच्या बागेत एक झाड मंतरलं, आणि डोळे बांधलेल्या मुलाला भलत्याच झाडांपाशी एकामागून एक नेलं. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला, आणि मंतरलेलं झाड तर बरंच लांब! रोग्याला न कळता शक्ती सोडली की काही होत नाही, न सोडता सोडली म्हणून सांगितलं की सगळं होतं. दोन गोष्टी एकत्र घडत असतील तर त्या सोडवून एकेक बघायच्या, एवढंच.

हे वाचताना मला आमचं कोकणातलं घर आठवलं. परतीच्या पावसात गडगडायला लागलं की आई दोन गोष्टी करायची. मेन स्विच खाली ओढायची, आणि आम्हाला जवळ घेऊन अर्जुनाची दहा नावं म्हणायची. आमचा रेडिओ कधी जळला नाही. कशामुळे? आईला विचारलं असतं तर तिने नावांना श्रेय दिलं असतं. सोडवून बघायची तिला कधी गरज पडली नाही, आणि मीही ते न सोडवताच अमेरिकेत आलो. हिरवा दिवा दिसला की निर्धास्त. माझ्यात आणि तिच्यात फरक एवढाच की ती स्विचही ओढायची.

फ्रँकलिनला देव करायचं कारण नाही. त्याच्या घरात गुलाम होते, त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापून यायच्या. म्हातारपणी मत बदललं, गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, 1790 च्या फेब्रुवारीत काँग्रेसकडे अर्जही केला, पण तोवर आयुष्य संपत आलं होतं. डेबोराला समुद्राची भीती, म्हणून ती इथेच राहिली, आणि हा वर्षानुवर्षं लंडनला. विजेचा इशारा द्यायला त्याने घरात लावलेल्या घंटा वादळात आपोआप वाजायच्या आणि ती बिचारी घाबरायची. त्या बंद कशा करायच्या हे त्याने तिकडून पत्राने कळवलं. 1774 मध्ये ती गेली तेव्हाही हा तिकडेच. पतंग उडवायला सोबत असलेला विल्यम क्रांतीत राजाच्या बाजूने गेला, आणि बापाने त्याला कधी मनापासून माफ केलं नाही. चार वर्षांचा धाकटा फ्रँकी 1736 मध्ये देवीच्या साथीत गेला. फ्रँकलिन टोचून घेण्याच्या बाजूचा असूनही पोराचं टोचायचं राहून गेलं होतं. जन्मभर त्याला ते बोचलं, आणि इतर आईबापांनी शहाणं व्हावं म्हणून त्याने ते आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

17 एप्रिल 1790 ला तो गेला. अंत्ययात्रेला वीस हजार माणसं होती म्हणतात. ख्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत साधी सपाट शिळा आहे. लोक तिच्यावर एक-एक सेंट टाकतात. मीही टाकला.

हार्ड डिस्क दोन ठिकाणी दाखवली, काही निघालं नाही. आता वादळाचा अंदाज आला की मी घरभर फिरून प्लग आणि केबल काढतो, आणि काढता काढता नावं म्हणतो. सात सुरळीत येतात, पुढे अडखळतो. पुस्तकात दहाही आहेत, मी काढून बघितलीत, पण आई ती ज्या चालीत म्हणायची ती त्या टेपमध्ये होती.