मांडवीतला ताप आणि हडफड्याचे डॉक्टर

बार्देशातील हडफडे हे नाव उच्चारले की आज पर्यटकांची वर्दळ, रात्रबाजार आणि अरुंद रस्त्यांवरच्या वाहनांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. एकोणिसाव्या शतकात मात्र या गावाने मुंबईला दोन नामवंत डॉक्टर दिले. पहिले जुझे जेर्सन द कुन्हा. त्यांचे नाव पुढे वैद्यकापेक्षा इतिहास संशोधनासाठी अधिक घेतले गेले. दुसरे अकासियो गाब्रिएल व्हिएगस. मुंबईत प्लेग शिरला आहे हे ज्यांनी सर्वप्रथम ओळखले आणि ओळखून लपवले नाही, ते हेच.

व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी हडफडे येथे झाला. गोव्यात त्या वेळी वैद्यकीय शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ मध्येच सुरू झाली होती. परंतु नोकरी-व्यवसायाच्या वाटा ब्रिटिश हद्दीत होत्या आणि मुंबई ही गोमंतकीयांची दुसरी कर्मभूमी होऊन बसली होती. मांद्र्याचे भाऊ दाजी लाड याच वाटेने गेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत गणले गेले. व्हिएगस यांचे शालेय शिक्षण मुंबईत झाले. पुढे त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये त्यांनी एल. एम. अँड एस. ही पदवी प्रथम वर्गात मिळवली आणि मांडवी भागात दवाखाना थाटला. १८८८ पासून ते मुंबई महानगरपालिकेचे सदस्य होते. ही शेवटची गोष्ट पुढच्या कथेत फार महत्त्वाची ठरते, कारण रोगी तपासणारा आणि सभागृहात बोलणारा माणूस येथे एकच होता.

मांडवी म्हणजे बंदराला खेटून असलेली धान्याची पेठ. खाली गोदामे, वर बिऱ्हाडे, अशी तिथली घरबांधणी. कच्छी-गुजराती व्यापारी, त्यांचे गुमास्ते, हमाल, माथाडी असा सगळा संसार एकमेकांच्या अंगावर राहत असे. खोल्यांत उजेड नाही, मधल्या बोळांतून सांडपाण्याची गटारे, आणि धान्याच्या राशींवर पोसलेले असंख्य उंदीर. १८९६ च्या पावसाळ्यात हे उंदीर गोदामांत मरून पडू लागले. त्याचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही. मग माणसे मरू लागली.

सप्टेंबरमध्ये व्हिएगस यांना नवरोजी हिलच्या वस्तीत काही रोगी तपासण्यासाठी बोलावणे आले. अंगात सडकून ताप, भ्रम, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ. एकाच आळीत, थोड्याच दिवसांच्या अंतराने, एकाच घरातली माणसे याच क्रमाने आजारी पडत होती. मुंबईच्या डॉक्टरांना हिवताप, पटकी, देवी नित्याचे होते. गाठीचा हा ताप त्यांपैकी कशातच बसत नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला प्लेगची मोठी साथ आली होती. तेथे अलेक्झांडर येर्सें यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता आणि त्या बंदराशी मुंबईचा जहाजांचा राबता अखंड होता. लक्षणे जुळवून व्हिएगस यांनी निदान केले की हा ग्रंथिक ज्वर, म्हणजे गाठीचा प्लेग आहे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी ही गोष्ट महापालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडली.

व्हिएगस यांना प्लेगचा शोध लावणारे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. ते बरोबर नाही. रोग प्राचीन होता, जंतू हाँगकाँगला सापडला होता, आणि रोग माणसापर्यंत उंदरांवरच्या पिसवांतून येतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. व्हिएगस यांचे कर्तृत्व निराळे आहे, आणि ते कमी अवघड नव्हते. त्यांनी रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली.

ते नाव उच्चारण्याची किंमत काय होती, हे लक्षात घेतले पाहिजे. मुंबई हे साम्राज्यातील एक प्रमुख बंदर होते. प्लेग हा शब्द अधिकृत कागदावर आला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांवर बंधने घालणार, कापूस आणि धान्याचा व्यापार थंडावणार, गिरण्यांतले कामगार गावी पळणार, हे सर्वांना कळत होते. त्यामुळे आरोग्य खात्यात सुरुवातीला एखाद्या विलक्षण तापाबद्दल, संशयास्पद ज्वराबद्दल बोलले जात होते. प्लेग मात्र कोणी म्हणत नव्हते. व्हिएगस यांच्यावर अनेकांचा रोष ओढवला. सरकारने जाणकारांकडून पडताळणी करून घेतली आणि निदान खरे ठरले.

सरकारने बोलावलेल्यांत वाल्डेमार हाफकिन हेही होते. मूळचे ओडेसाचे हे शास्त्रज्ञ तेव्हा भारतात पटकीच्या लशीचे काम करीत होते. ७ ऑक्टोबर १८९६ ला ते मुंबईत उतरले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक खोली आणि एक व्हरांडा एवढ्या जागेत, त्यांनी प्लेगच्या लशीचे काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

हाफकिन प्रयोगशाळेत गुंतले असताना बाहेर शहरात मात्र दुसराच प्रयोग चालू झाला होता. निदान मान्य होताच शासन एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्त स्नो यांनी फर्मान काढले: रोग्याला त्याची इच्छा असो वा नसो घरातून हलवावे, घर निर्जंतुक करावे, दूषित वस्तू नष्ट कराव्यात. गटारांत कार्बोलिक आम्ल मिसळलेले समुद्राचे पाणी सोडले जाऊ लागले, भिंतींना चुना लागला, ऊन आत यावे म्हणून छपरे उघडी केली गेली. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे रोग घाणीत आणि कोंदट हवेत होता. उंदीर धुतल्या गटारांतून निघून घरांत शिरत असतील, हा विचार फार उशिरा आला. व्हिएगस यांनीही गलिच्छ वस्त्या स्वच्छ करण्यासाठी मोहीम उघडली होती, पण उंदीर मारण्याचा आग्रहही त्यांनी तिच्याबरोबरच धरला होता.

लोकांना भय वाटले ते रोगाइतकेच इस्पितळाचे. आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत निराधार नव्हती. मरणोन्मुख झालेल्यांनाच बहुधा तेथे पोहोचवले जाई. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषांनी तपासावे, जातीबाहेरच्या हातचे पाणी प्यावे लागावे, मृताचे संस्कार घरच्यांना करता येऊ नयेत, हे सारे त्या काळच्या समाजाला मरणाहून अवघड होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला चढवला. दुसऱ्या बाजूला लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले, आणि ज्यांना जमले त्यांनी शहर सोडले. फेब्रुवारी १८९७ पर्यंत आठ लाखांवरच्या या नगरीतली जवळपास निम्मी माणसे बाहेर पडली होती, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. ज्या सक्तीने साथ अडवायची, तिनेच साथ पसरवायला हातभार लावला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण त्याने घरात शिरण्याचे, माणसे तपासण्याचे, वेगळे ठेवण्याचे आणि वाहतूक रोखण्याचे नियम करण्याचा जवळजवळ अमर्याद अधिकार सरकारला दिला. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, अशीही त्यात तरतूद होती. मुंबईत ब्रिगेडियर जनरल गटाकर यांच्या हाती प्लेग समिती आली, पुण्यात रँड यांच्या हाती. पुण्यात पुढे काय घडले ते प्रत्येक मराठी शाळेत शिकवले जाते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या हाही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचा भाग आहे, हे मात्र शिकवले जात नाही. त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. रोग्याला हात लावणारी माणसे होती, आणि रोग्याला पकडणारी माणसेही होती.

व्हिएगस पहिल्या प्रकारचे. लस तयार झाल्यावर ती घरोघर पोहोचवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, आणि सुमारे १८ हजार लोकांना त्यांनी स्वतः टोचले असे त्यांच्याविषयी नमूद आहे. हा आकडा नुसता वाचून कळत नाही. त्या लशीने ताप येई, दंड सुजे, एक-दोन दिवस हात उचलवत नसे. रोजावर जगणाऱ्या हमालाला दोन दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय लस म्हणजे सरकारचे विष, तिने वांझपण येते, धर्म बाटतो, अशा वावड्या उठत होत्या. अशा वेळी दंड पुढे करायला लावते ती सरकारी नोटीस नव्हे, ओळखीचा डॉक्टर. व्हिएगस यांनी त्याच गल्ल्यांत सोळा वर्षे नाडी पाहिली होती.

लस उपयोगी आहे की नाही, याची एक मोठी परीक्षा पोर्तुगीज अमलाखालच्या मुलखातच झाली, हे गोव्यातील वाचकांना ठाऊक असण्याजोगे आहे. १८९७ च्या आरंभी दमणमध्ये प्लेग पसरला आणि हाफकिन यांना तेथे लस देण्याची मुभा मिळाली. खालच्या दमणच्या ८,२३० रहिवाशांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली. त्यांतले ३६ दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मरण पावले. शंभरात दीड-दोन आणि शंभरात चोवीस-पंचवीस, असा तो फरक होता. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हेही या आकड्यांतच दिसते.

मुंबईत सक्ती एकदम संपली नाही. गटाकर यांच्यानंतर आलेल्या जेम्स कॅम्पबेल यांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना कामात घेतले, जातीजमातींची स्वतंत्र रुग्णालये उभी राहिली. तरी मार्च १८९८ मध्ये विणकर मुस्लिम कुटुंबातील एका आजारी मुलीला हलवण्यावरून शहरात दंगल उसळलीच. पुढे सरकारनेच नेमलेल्या प्लेग आयोगाने सगळा पुरावा तपासून अनुभवाचे सार काढले, तेव्हा बळजबरीच्या झडत्या आणि सक्तीचे स्थलांतर यांनी साधले थोडे आणि बिघडवले फार, या निष्कर्षाजवळ सरकारला यावे लागले. लस ऐच्छिक राहिली. घरची माणसे रोग्याजवळ राहू लागली. मांडवीतल्या एखाद्या खासगी डॉक्टरला हे पहिल्या आठवड्यातच विचारले असते, तर त्याने सांगितले असते. पण त्याला विचारण्याची पद्धत नव्हती.

विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि घालवायला एक बाटली पुरते, याचा दाखलाही याच काळात मिळाला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर टाकण्यात आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडले. तोवर पंजाबात प्लेगने लाखो माणसे नेली होती. भारतात या साथीने घेतलेल्या बळींची एकूण संख्या एक कोटीच्या वर गेली.

व्हिएगस यांचे उत्तरायुष्य महापालिकेच्या कामात गेले. १९०६ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती. शहराने तोपर्यंत सुधार ट्रस्ट स्थापून गलिच्छ वस्त्या पाडायला आणि रुंद रस्ते काढायला प्रारंभ केला होता. पाडलेल्या चाळींतली माणसे कोठे जाणार, हा प्रश्न मात्र तेव्हापासून मुंबईच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

परळच्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये सुरू झालेल्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. व्हिएगस यांचे निधन १९३३ मध्ये झाले. मुंबईत धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्यांच्या निदानानंतर साडेचार महिन्यांनी झालेला चार कलमांचा तो कायदा मार्च २०२० मध्ये देशातील राज्यांनी पुन्हा बाहेर काढला. रोग्यावर उपचार करणाऱ्यांना संरक्षण देणारी तरतूद त्यात त्याच वर्षी, म्हणजे १२३ वर्षांनी घालण्यात आली.