रने लाएनेक

रने तेओफील यासँत लाएनेक (१७ फेब्रुवारी १७८१ – १३ ऑगस्ट १८२६) हे फ्रेंच वैद्य व स्टेथोस्कोपचे जनक होते. धाप लागलेल्या रुग्णाच्या छातीत नेमका कोणता बिघाड झाला आहे, हे त्याच्या हयातीतच ओळखण्याची पद्धत त्यांनी घालून दिली.

जीवन

लाएनेक यांचा जन्म ब्रिटनी प्रांतातील कँपेर येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. पुढे नांत येथे वैद्य असलेल्या काकांकडे ते वाढले. १८०१ साली ते पॅरिसला गेले आणि कॉर्व्हिझार यांच्या हाताखाली शिकून १८०४ साली पदवीधर झाले. छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून रोग ओळखण्याची आउएनब्रुगर यांची पद्धत कॉर्व्हिझार यांनी फ्रान्समध्ये रूढ केली होती.

स्टेथोस्कोपचा शोध

१८१६ साली लाएनेक यांची नेकेर रुग्णालयात नेमणूक झाली. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तेथे त्यांच्याकडे आली. तिच्या स्थूलपणामुळे ठोकून काही कळेना. छातीला कान लावणेही तिचे वय व स्त्रीत्व पाहता प्रशस्त नव्हते. तेव्हा त्यांनी कागदांची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक छातीवर व दुसरे कानाला लावले. हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची पोकळ लाकडी नळी स्वतः कातून तयार केली. छाती आणि पाहणे या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून तिला स्टेथोस्कोप हे नाव दिले.

श्वासविकारांचे निदान

त्या काळी दमा हे नाव धाप लागण्याच्या अनेक विकारांना सरसकट दिले जाई. रुग्ण सांगेल ते लक्षण आणि बाहेरून दिसेल ती अवस्था, एवढाच निदानाचा मुख्य आधार होता. लाएनेक रुग्णाच्या छातीतील आवाज नोंदवीत आणि तो दगावल्यास शवविच्छेदनात फुप्फुसांची स्थिती ताडून पाहत. अशा रीतीने प्रत्येक आवाजाचा अर्थ निश्चित होत गेला. न्यूमोनियाच्या आरंभी बारीक करकर ऐकू येते. फुप्फुसावरणात पाणी साठले असता रुग्णाचा आवाज शेळीच्या बेंबें करण्यासारखा भासतो. छातीच्या पोकळीत हवा शिरली असेल, तर ठोकल्यावर छाती घुमते, पण श्वासध्वनी नाहीसा होतो. फुप्फुसे फुगवून व वाळवून त्यांनी वातस्फीतीचा अभ्यास केला. हे सारे निष्कर्ष १८१९ साली त्यांच्या दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीचे त्यांनी लावलेले कारण मात्र पुढे चुकीचे ठरले.

अखेर

ग्रंथ प्रसिद्ध होताच प्रकृती ढासळल्याने ते ब्रिटनीला परतले. पुन्हा पॅरिसला आल्यावर १८२२ साली कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८२६ साली निघाली, तोवर त्यांना स्वतःलाच क्षयाने ग्रासले होते. पुतणे मेरियादेक यांनी त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली. ज्या खुणांचा अर्थ त्यांनी जगाला शिकवला, त्याच त्यांच्या फुप्फुसांत आढळल्या. केरलुआर्नेक येथे वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा स्टेथोस्कोप त्यांच्या इच्छेनुसार मेरियादेक यांना मिळाला.

रुग्णाची धाप ही केवळ तक्रार न राहता तपासून पडताळता येणारी खूण झाली, हे लाएनेक यांचे मुख्य योगदान मानले जाते.