लिमरिकचे मॅकॉलिफ आणि ग्रंथसाहिबातले नामदेव

ट्रलीहून लिमरिककडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅसलआयलंड आणि अ‍ॅबीफील मागे पडले की न्यूकॅसल वेस्ट हे गाव लागते. ट्रलीत राहणाऱ्या मराठी मंडळींचे या गावातून वरचेवर येणेजाणे असते; परंतु आपल्या नामदेवांची गुरू ग्रंथसाहिबातील पदे इंग्रजी वाचकांपुढे ठेवणारा मनुष्य याच परिसरातला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. मॅक्स आर्थर मॅकॉलिफ हे त्यांचे नाव. घरचे नाव मायकेल.

त्यांचा जन्म सामान्यतः १८४१ सालचा मानला जातो. म्हणजे त्यांचे बालपण आयर्लंडच्या महादुष्काळात गेले. गॉलवेच्या क्वीन्स कॉलेजात भाषांचा उत्तम अभ्यास करून ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८६४ मध्ये पंजाबात रुजू झाले. पुढे १८८२ मध्ये डेप्युटी कमिशनर आणि दोन वर्षांनी विभागीय न्यायाधीश अशी त्यांची बढती झाली. येथवरचे चरित्र त्या काळच्या कोणत्याही हुशार आयरिश अधिकाऱ्याचे असू शकले असते.

वेगळेपणाचे मूळ एका जुन्या अपमानात आहे. इंडिया ऑफिसने आदिग्रंथाच्या भाषांतराचे काम अर्न्स्ट ट्रम्प या जर्मन मिशनरी पंडिताकडे सोपविले होते. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेले ते भाषांतर अपुरे होते, आणि त्याच्या प्रस्तावनेत ग्रंथाविषयी उघड तुच्छता होती. ज्या ग्रंथापुढे शीख मस्तक टेकवतात, त्याच्यासमोर हे गृहस्थ चिरूट ओढीत बसत, असेही सांगतात. पंजाबात याचा फार संताप झाला. मॅकॉलिफ यांनी ती चूक भरून काढण्याचे मनावर घेतले आणि १८९३ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ याच कामाला लागले.

त्यांची पद्धत आजही विचार करण्याजोगी आहे. स्वतःच्या शब्दकोशावर विसंबून न राहता ते ग्यानींना सोबत घेऊन बसत, केलेले भाषांतर त्यांच्यापुढे ठेवीत आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या स्वीकारीत. ज्यांचा ग्रंथ, त्यांची संमती हवी, हा त्यामागचा आग्रह होता. नाभ्याचे भाई कान्हसिंग हे यातले मुख्य सहकारी. छपाईच्या वेळी मॅकॉलिफ यांनी त्यांना इंग्लंडला नेले आणि ग्रंथाचे हक्कही त्यांच्या नावे केले. साहेबाच्या पुस्तकामागे राबणारे देशी पंडित बहुधा प्रस्तावनेतल्या एका ओळीत संपतात. येथे तसे झाले नाही.

१९०९ मध्ये ऑक्सफर्डहून ‘द सिख रिलिजन’चे सहा खंड प्रसिद्ध झाले. यातला सहावा खंड आपल्या जिव्हाळ्याचा. त्यात भगतांची चरित्रे आणि पदे आहेत: कबीर, रविदास, शेख फरीद आणि आपले नामदेव. ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. शिवाय परंपरेने बार्शीचे मानले गेलेले त्रिलोचन आणि परमानंद हेही तेथे आहेत. नरसीचा शिंपी, पंढरीचा वारकरी, पंजाबात घुमानला जाऊन राहिला आणि त्याचा विठ्ठल गुरुमुखी लिपीत पूजनीय झाला, ही गोष्ट घुमानला २०१५ मध्ये साहित्य संमेलन भरले तेव्हा अनेक मराठी जनांना नव्याने उमगली. इंग्रजी जाणणाऱ्याला ती शंभर वर्षांपूर्वीच या खंडात वाचावयास मिळत होती.

ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. मूळ ग्रंथ रागांनुसार रचलेला आहे. मॅकॉलिफ यांनी पदे उचलून गुरूंच्या चरित्रात गुंफली. त्यामुळे वाचन सुलभ झाले, पण गाण्यासाठी केलेली ती रचना हरवली. सरकारचा आश्रय मिळावा म्हणून त्यांनी शिखांच्या राजनिष्ठेवर अवाजवी भर दिला, आणि हिंदू समाज शीख पंथाला गिळून टाकील ही भीती जागोजागी मांडली. नामदेवांकडे मराठी डोळ्यांनी पाहणाऱ्याला ही विभागणी खटकते. विठोबाच्या भक्ताला स्थान देणारा ग्रंथ इतक्या सरळ रेषेने वेगळा काढता येतो काय? अर्थात, कान्हसिंगांनी ‘हम हिंदू नहीं’ १८९८ मध्येच लिहिले होते, तेव्हा हा विचार साहेबाच्या डोक्यातून निघालेला नव्हता.

एवढे करून पदरी काय पडले? सरकारने देऊ केलेले पाच हजार रुपये इतक्या वर्षांच्या श्रमांपुढे त्यांना अपमानास्पद वाटले आणि त्यांनी ते नाकारले. काही शीख संस्थानिकांनी साहाय्य केले, तरी स्वतःचा बराच पैसा यात गेला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्तुळात हा शीख झालेला मनुष्य म्हणून त्यांची टिंगल होई. त्यांनी तो धर्म स्वीकारला होता, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते.

१५ मार्च १९१३ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेपर्यंत ते जपजी म्हणत होते, अशी आठवण त्यांच्या पंजाबी सेवकाने सांगितली आहे. हा सेवक मुसलमान होता.